लिफ्टची मर्यादा आणि सोळा जणांची सरासरी

प्रश्न : लिफ्टवर '१६ माणसे, १२०० किलो' असे लिहिले आहे. प्रवाशांच्या वजनाची सरासरी ७० किलो, प्रमाण विचलन (वजने सरासरीभोवती किती पसरली आहेत याचे माप) १२ किलो. सोळा जण चढले तर भार मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता किती?

उत्तर : मर्यादा माणशी ७५ किलो पडते. इथे १२ थेट वापरू नका, ते एकेका माणसाच्या वजनाचे विचलन आहे. हमखास चूक होते ती इथेच, आणि उत्तर ३४ टक्के येते. सोळा जणांच्या सरासरीचे विचलन १२ ÷ √१६, म्हणजे ३ किलो. (७५ − ७०) ÷ ३ = १.६७, प्रसामान्य वक्राच्या (घंटेच्या आकाराच्या वितरणाच्या) तक्त्यात त्यापलीकडे सुमारे ४.८ टक्के उरतात. भरलेल्या एकवीस फेऱ्यांत साधारण एकदा! याला सुरक्षित म्हणता येणार नाही. धोका हजारात एकवर आणायचा, तर तक्त्यातला त्यासाठीचा आकडा ३.०९; ७० + ३.०९ × ३ = ७९.२७, त्याची सोळापट, म्हणजे मर्यादा सुमारे १२७० किलो हवी. मात्र एकाच कुस्तीसंघाचे सोळा जण एकदम चढले, की हा हिशेब कोलमडतो. निवड यादृच्छिक, म्हणजे सगळ्या प्रवाशांतून सहज घडलेली, राहत नाही.