दोघे कमावतो, तरी कार्डाची थकबाकी आणि दोन कर्जांचे हप्ते झेपत नाहीत. सुरुवात कुठून करावी?

आधी कार्ड. महिना ३ टक्के व्याज किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला सुमारे ४२.६ टक्के होतं. बिलावरची ‘किमान रक्कम’ तेवढी भरत राहिलात तर मुद्दल जेमतेम हलते. म्हणून बाकी कर्जांचे हप्ते वेळेवर भरा आणि उरलेला प्रत्येक पैसा कार्डावर टाका. ते फिटेपर्यंत त्यावर नवीन खरेदी अजिबात नको. मग पुढचं जास्त व्याजाचं कर्ज फेडायला घ्या, आणि सुटलेला हप्ता त्याच्याकडे वळवा.

खर्चाचं म्हणाल तर एका रविवारी दोघांनी मिळून तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट्स वाचा. आम्ही वाचली तेव्हा न वापरलेल्या दोन वर्गण्या दर महिन्याला गुपचूप कापल्या जात होत्या! त्या दिवशी एकमेकांच्या चुका मात्र काढू नका, भांडण झालं की वही पुन्हा उघडतच नाही. दोघांनाही थोडा हातखर्च ठेवा, हिशेब न विचारता.

आणि हो, अडीअडचणीसाठी थोडी रक्कम बाजूला हवीच. नाहीतर पहिल्याच आजारपणात कार्ड पुन्हा बाहेर येतं.