एमबीए की एमएमएस?

प्रश्न : माझ्या मुलीने मुंबई विद्यापीठातून एमएमएस केले आहे. तिच्या अर्जात ‘एमबीए’ असे लिहिले तर चालेल का?

उत्तर : एमबीए म्हणजे ‘मास्टर ऑफ बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन’, अर्थात व्यवसाय प्रशासनातील पदव्युत्तर पदवी, हार्वर्डने 1908 मध्ये हा अभ्यासक्रम सुरू केला. एमएमएस म्हणजे ‘मास्टर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज’. दोन्हींचा अभ्यासविषय बराचसा सारखा असला, तरी प्रमाणपत्रावर जे नाव छापलेले असते तेच अर्जात लिहावे, कारण पडताळणीच्या वेळी अक्षरन् अक्षर ताडून पाहिले जाते आणि प्रामाणिकपणे केलेल्या अभ्यासावर विनाकारण संशय येतो, हे मला फार वाईट वाटते. हवे तर पुढे ‘एमबीए समकक्ष’ असा खुलासा करता येईल, मात्र मूळ नाव वगळू नये. पीजीडीएम, म्हणजे ‘पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा इन मॅनेजमेंट’, ही तर पदवी नव्हे, पदविका आहे. भारतीय व्यवस्थापन संस्थाही (आयआयएम) त्यांना पदवी देण्याचा अधिकार देणारा 2017 चा कायदा होईपर्यंत पदविकाच देत असत.

मराठीत ‘एम.बी.ए.’ आणि ‘एमबीए’ अशी दोन्ही रूपे आढळतात. पूर्णविरामांविना लिहिलेले रूप मला अधिक सुटसुटीत वाटते. ‘ती एमबीए झाली’ आणि ‘तिने एमबीए केले’ हे दोन्ही प्रयोग रूढ आहेत.