गावठी कोंबड्यांची पिसं झडतायत, अंडीही बंद झालीत. कोणतं औषध द्यावं?

दीड-दोन वर्षांच्या कोंबड्या, दिवाळीनंतर मानेची पिसं जायला लागली, असं तुम्ही लिहिलंय. मग औषध कसलं देताय? दिवस लहान झाला की जुनी कोंबडी डोक्या-मानेपासून सुरुवात करून शेपटीपर्यंत पिसं टाकते आणि नवी घालते, हा रोग नाही. पिसात 80 टक्क्यांहून जास्त प्रथिनं असतात. ती पिसं तरी घडवेल नाहीतर अंडी तरी. यंदाच्या तलंगांची, म्हणजे नव्या तरुण कोंबड्यांची, पिसं शाबूत असतील, बघा.

आमच्याकडे यावरून रामायण झालंय. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, रोग शिरलाय, बाजारात काढून टाका." मी ऐकेना, तेव्हा तेच टॉनिकची बाटली आणून पाण्यात घालायला लागले, वर खुराड्यात रात्रभर बल्ब. उजेड वाढवला की अंडी येतात हे खरं, पण अंगावर पीस नसलेल्या कोंबडीकडून अंडी काढायची म्हणजे ओल्या बाळंतिणीला भातलावणीला धाडायचं. मी बल्ब काढला. सुकट धुऊन, खारटपणा घालवून, शेंगदाण्याच्या पेंडीत मिसळून घालत राहिले. मानेवर नवे खुंट फुटले. त्यात रक्त असतं, हात लागला तरी दुखतं, म्हणून तेव्हा उगाच धरायचं नाही. संक्रांतीनंतर अंडी सुरू झाली, आधीपेक्षा मोठी. आजही पाहुणे आले की दीर सांगतात, "माझ्या औषधाने वाचल्या." पलीकडच्या अंगणातल्या जावेच्या कोंबड्यांना त्या बाटलीतला थेंबही मिळाला नव्हता. त्याही त्याच सुमाराला अंड्यावर आल्या. ते कसं, हे विचारलं की भावोजींना शेतावर काम निघतं.

हां, पण पिसं कुठली गेलीत तेही बघा. नुसती पाठ उघडी असेल तर कोंबडा फार चढतोय. खुडूक कोंबडी पोटाची पिसं स्वतःच उपटते, अंड्यांना ऊब लागावी म्हणून. शेपटीच्या बुडाशी टोचल्याच्या खुणा असतील तर खुराड्यात दाटी झालीय, दुसऱ्या उपटतायत. रक्त आलेली आधी वेगळी ठेवा, नाहीतर बाकीच्या तुटून पडतील. रात्री टॉर्च घेऊन कोंबड्या बसतात त्या दांडीच्या फटीही बघा, बारीक तांबडे किडे तिथेच दडतात. आणि कोंबडी मलूल असेल, दाणा टिपत नसेल, तर सरकारी पशुदवाखान्यात न्या. तिथे औषध लिहायच्या आधी निदान कोंबडी हातात घेऊन बघतात, हे मी दिरांना तेव्हाच सांगितलं होतं.