आपला कोड, आपल्या सर्व्हरवर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (भोसरी): आमच्या ऑटोमेशन कंपनीत सहा प्रोग्रॅमर आहेत. कोड बाहेरच्या क्लाउडवर ठेवायला ग्राहकाची परवानगी नाही. ऑफिसात ४ जीबी रॅमचा जुना पीसी पडून आहे. त्यावर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) गिटलॅब, म्हणजे टीमचा कोड सांभाळणारं सॉफ्टवेअर, चालेल का?

उत्तर: चाललं तरी रडतखडत. गिटलॅबला ८ जीबी तरी द्यावी. तुम्ही त्याच कामाचं हलकं सॉफ्टवेअर गिटी घ्या, किंवा २०२२च्या अखेरीस त्यातून वेगळं झालेलं फोर्जेजो. छोट्या टीमचं १ जीबीत भागतं. पोस्टग्रेससारखा मोठा डेटाबेसही नको, सहा जणांना एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा डेटाबेस पुरे. यूपीएस मात्र लावाच. गुरुवारी देखभालीसाठी लाईट गेली आणि नेमका कोणी तेव्हा कोड सर्व्हरवर पाठवत (पुश करत) असला, तर डेटाबेसची परीक्षा कशाला?

प्रश्न (कोथरूड): नवी आवृत्ती घ्यायची म्हणून गिटीचा कंटेनर काढून टाकला आणि पुन्हा उभा केला. समोर थेट इन्स्टॉलेशनचं पान! सगळ्या रिपॉझिटरी (प्रोजेक्टांचे कोडसाठे) गेल्या का?

उत्तर: बहुधा नाहीत. पण आता साफसफाईची एकही कमांड देऊ नका, न वापरातली व्हॉल्यूम (डॉकरच्या डेटा साठवायच्या जागा) पुसणारी 'व्हॉल्यूम प्रून' तर मुळीच नाही. कंटेनर कसा उभा करायचा ते जिच्यात लिहितात त्या तुमच्या कंपोज फाइलमध्ये 'डेटा' फोल्डरची जोडणी राहिलेली दिसते. अशा वेळी डॉकर स्वतःच एक बिननावाचं व्हॉल्यूम तयार करतं. कंटेनर काढला तरी सहसा ते डिस्कवर राहतं, नव्या कंटेनरला मात्र जोडलं जात नाही. व्हॉल्यूमची यादी दाखवणारी 'डॉकर व्हॉल्यूम एलएस' ही कमांड दिलीत की लांबलचक आकडे-अक्षरांची नावं दिसतील. प्रत्येकाची तयार झाल्याची तारीख बघा, जुनं सापडलं की त्यातलं सगळं साध्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि कंपोज फाइलमध्ये तोच फोल्डर जोडा.

ते सापडलं नाही तरी कोड प्रत्येकाच्या लॅपटॉपवर असतो, कारण गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) वापरून उतरवलेला क्लोन म्हणजे इतिहासासकट पूर्ण प्रत. इश्यू (अडचणींच्या नोंदी), पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याच्या विनंत्या), युजर हे सगळं मात्र डेटाबेसमध्येच राहतं. म्हणून रोज रात्री कंटेनर थांबवून अख्खा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर घ्या. आणि कळकळीने सांगतो, महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या पीसीवर खरोखर उभा करून बघा. न तपासलेल्या बॅकअपवर मी कोणालाच विसंबू देणार नाही.

प्रश्न (सिंहगड रोड): ब्राउझरमध्ये सगळं दिसतं, पण एसएसएचने (दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणी करायची पद्धत) क्लोन होत नाही.

उत्तर: २२ हा पोर्ट (जोडणीचा क्रमांकित दरवाजा) मूळ मशीनच्याच एसएसएचने धरलेला असतो. कंटेनरचा २२ बाहेर २२२वर काढा आणि गिटीच्या सेटिंगमध्येही एसएसएच पोर्ट २२२ लिहा, म्हणजे क्लोनचा पत्ता बरोबर दिसेल.

प्रश्न (कर्वेनगर): घरच्या सर्व्हरवर बाहेरून पोचायचं आहे, पण इंटरनेटवाल्याकडून स्वतंत्र आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळत नाही.

उत्तर: आपली मशीन खासगी नेटवर्कने जोडणारं टेलस्केल सर्व्हरवर आणि लॅपटॉपवर टाका. राउटरमध्ये पोर्ट उघडावा लागत नाही. पुढे कधी सर्व्हर सगळ्यांसाठी उघडलात, तर त्याआधी नवीन युजरची नोंदणी बंद करा. ती चालू राहिली की स्पॅम खाती भराभर तयार होतात.