रात्र मोकळी होती का? वसंतातल्या स्की टूरिंगची प्रश्नोत्तरे

लिफ्ट नसलेल्या डोंगरात स्कीला स्किन (तळाला गोंदाने चिकटणारी, मागे घसरू न देणारी केसाळ पट्टी) लावून चढायचं आणि त्याच स्कीवरून उतरायचं, याविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी हे सगळे मार्च ते मे या काळातले आहेत. उतारांच्या दिशा उत्तर गोलार्धाच्या हिशेबाने दिल्या आहेत.

प्रश्न : हवामान अंदाजात रात्रीचं तापमान अधिक २ अंश होतं, तरी सकाळी बर्फ दगडासारखा लागला. पुढच्या आठवड्यात उणे १ असूनही पहाटे पाचलाच पाय गुडघ्यापर्यंत रुतला. हे उलटं कसं?

अंदाजातलं तापमान हवेचं असतं, जमिनीपासून साधारण दोन मीटर उंचीवरचं. बर्फाच्या पृष्ठभागाचा हिशेब वेगळा. तो रात्रभर आकाशाकडे उष्णता टाकत असतो. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर ती उष्णता परत येत नाही आणि पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अंशांनी थंड होतो. त्यामुळे हवा शून्याच्या थोडी वर असूनही कवच धरतं. ढग आले की ते खालून आलेली उष्णता पुन्हा खाली पाठवतात, गोधडी पांघरल्यासारखं होतं. मग उणे १ सुद्धा कामाचं नाही.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. ओल्या बर्फातलं पाणी गोठताना स्वतःच उष्णता सोडतं, एका किलोमागे ३३४ किलोज्यूल. ही सगळी बाहेर गेल्याशिवाय कवच जाड होत नाही, म्हणून त्याला तास लागतात. मध्यरात्रीपर्यंत ढगाळ आणि नंतर दोन तास मोकळं आकाश मिळालं, तर वर दोन बोटं जाडीचा पापुद्रा आणि खाली लगदा, असा फसवा प्रकार होतो. वारा असेल तर तोही थोडी उबदार हवा पृष्ठभागावर आणत राहतो. झाडीतही तसंच, झाडं स्वतः उष्णता देतात, त्यामुळे जंगलातला बर्फ मऊ आणि वरचा मोकळा उतार कडक, हे नेहमीचं.

तेव्हा अंदाजात तापमानाआधी रात्रीचे ढग पाहा. निघाल्यावर पहिल्या मोकळ्या जागी एक स्की काढा आणि त्या पायावर पूर्ण भार द्या. कवचाने तुम्हाला पेललं तर दिवस चालू. पाय आरपार गेला, तर सकाळचे सहा वाजले असले तरी त्या दिवसापुरते उभे उतार विसरायचे.

प्रश्न : कॉर्न स्नो नेमका किती वाजता मिळतो? आणि घरून निघायचं केव्हा?

घड्याळातली वेळ कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. दिवसा वितळणं आणि रात्री गोठणं, हे चक्र काही दिवस चाललं की बर्फाचे कण जाड्या मिठासारखे गोल आणि मोठे होतात. सकाळी ते एकमेकांना चिकटून कडक असतात. उन्हाने वरचे दोन-तीन सेंटिमीटर सुटे झाले आणि खालचं कवच अजून भक्कम आहे, तो काळ म्हणजे कॉर्न. एका उतारावर तो कधी अर्धा तास टिकतो, कधी दोन तास. पूर्वेचा उतार आधी पिकतो, मग दक्षिणेचा, शेवटी पश्चिमेचा. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या किंचित उत्तरेला उगवतो, त्यामुळे ईशान्येकडचे उभे उतारही पहाटेच ऊन खातात. नकाशात ते सावलीचे वाटतात आणि तिथेच गफलत होते.

निघायची वेळ उलटी मोजायची. स्विस पर्वतमार्गदर्शक वेर्नर मुंटर यांचं सूत्र सोपं आहे : अंतर किलोमीटरमध्ये, त्यात चढाईचे मीटर भागिले १०० मिळवा आणि बेरजेला ४ ने भागा. उत्तर तासांत येतं. ५ किलोमीटर आणि १००० मीटर चढ म्हणजे ५ अधिक १०, भागिले ४, पावणेचार तास. समजा पूर्वेच्या उतारावर नऊला उभं राहायचंय. पावणेचार तास मागे गेलात की सव्वापाच. थांबे, स्किन काढणं, कपडे बदलणं यांना अर्धा तास धरा, म्हणजे पावणेपाचला चालायला सुरुवात. गट चार माणसांपेक्षा मोठा असेल तर आणखी वेळ ठेवा, कारण प्रत्येक थांबा सगळ्यात हळू माणसाच्या गतीने होतो. वर पोचून वीस मिनिटं बर्फ मऊ व्हायची वाट पाहणं केव्हाही चांगलं. उशिरा पोचायची चूक मात्र दुरुस्त होत नाही.

प्रश्न : सावलीत शिरलं की स्किनखाली बर्फाचे गोळे धरतात, स्की पाच किलोची होते. शिवाय दुसऱ्या चढाला स्किनचा गोंद धरतच नाही. नवीन स्किन घ्यावी का?

बहुतेक वेळा गरज नसते. दोन्ही तक्रारींचं मूळ पाणी आहे.

गोळे धरतात ते असे : उन्हातल्या ओल्या बर्फात स्किनचे केस पाणी पितात. तुम्ही उत्तरेच्या थंड, भुसभुशीत बर्फात शिरता. केसांतलं पाणी तिथे गोठतं आणि कोरडे कण त्याला चिकटत जातात. यावर उपाय आधीच करायचा. घरी स्किन कोरडी असताना जलरोधक फवारा मारा आणि निघताना स्किनचं मेण टोकाकडून शेपटीकडे, केसांच्या दिशेनेच, दाबून घासा. उलट घासलंत तर केस उभे राहतात आणि मेण वरच्या वर बसतं. मेणाची वडी खिशात ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. गोळे धरलेच तर दुसऱ्या स्कीच्या कडेवर स्किन पुढून मागे ओढून खरवडा, पुसा, पुन्हा मेण लावा. चालताना स्की उचलू नका, घसटत न्या. उचललेल्या स्कीखालीच गोळा वाढतो.

गोंदाचं म्हणाल, तर उतरताना स्किन कुठे ठेवता ते आधी पाहा. पिशवीच्या बाहेरच्या जाळीत कोंबलेली स्किन थंड आणि ओली होणारच. गोंदाच्या बाजू एकमेकींवर दुमडा आणि जॅकेटच्या आत, पोटाशी ठेवा. परत लावण्याआधी स्कीचा तळ बाहीने किंवा फडक्याने कोरडा पुसा. तळावर राहिलेला पाण्याचा पातळ थर डोळ्याला दिसत नाही, पण स्किन सुटायला तेवढा पुरतो. लावताना टोकाकडून सुरुवात करून तळहाताने मधली रेघ आधी दाबा, मग कडा. संध्याकाळी स्किन खोलीच्या तापमानाला टांगून वाळवा. हीटरवर किंवा उन्हात वाळवलेल्या स्किनचा गोंद पातळ होतो आणि दुसऱ्या दिवशी स्कीच्या तळावर उतरतो. मग मात्र खरंच नवा गोंद चढवावा लागतो.

प्रत्येकाकडे तीन-चार रबरी स्की पट्टे असावेत. शेपटीची क्लिप तुटली, गोंद मेला, तरी स्किनवरून दोन पट्टे आवळले की घरी पोचता येतं.

प्रश्न : नागमोडी चढताना वळणावर, म्हणजे किक टर्नमध्ये, दुसरी स्की अडकते आणि मी पडतो. लवचीकता कमी पडते का?

फारशी नाही. चूक साधारणपणे पहिल्या स्कीतच झालेली असते. वळणाआधीचं शेवटचं पाऊल आडवं टाका, चढतं नको. दोन्ही काठ्या टेकवा. डोंगराकडची स्की उचलून टोक पूर्ण फिरवा आणि उताराला आडवी ठेवा. अर्धवट फिरवून चढाकडे रोखलीत तर दुसऱ्या स्कीला यायला जागाच उरत नाही.

आता भार पूर्ण त्या पायावर. इथे घाबरून शरीर डोंगराकडे झुकतं आणि कडा सुटते. सरळ उभं राहा. खालचा पाय उचला, किंचित मागे घ्या आणि टाचेने स्कीवर छोटा झटका द्या. पिन बाइंडिंगमध्ये (बुटाचं पुढचं टोक दोन पिनांत धरणारी पकड) चढताना टाच मोकळी असल्यामुळे शेपटी खाली जाते आणि टोक वर उडतं. त्याच क्षणी गुडघा बाहेर उघडून स्की वळवा. टोक वर असताना वळवायचं, पडल्यावर नाही. सपाटीवर दहा वेळा नुसता झटका मारून पाहा, टोक कधी उडतं ते पायाला कळतं.

प्रश्न : स्की क्रॅम्पॉन (कडक बर्फात रुतणारे, स्कीला लावायचे धातूचे दात) लावूनही घसरलो. दात बोथट झालेत का?

टाचेखालची उंची, म्हणजे उभ्या चढावर टाचेला आधार देणारा बाइंडिंगचा टेकू, वर केलेली होती का? बऱ्याच पिन बाइंडिंगांत क्रॅम्पॉन बुटाबरोबर हलतो. टाच जितकी उंच, तितके दात कमी घुसतात. कडक बर्फावर उंची खाली करा आणि वाट कमी उभी आखा. रुंदी स्कीच्या कमरेला, म्हणजे मधल्या सर्वात अरुंद भागाला, जुळती हवी. ८८ मिलिमीटरच्या स्कीला ९०चा क्रॅम्पॉन. आणि लावायचा तो घसरायच्या आधी, बसता येईल अशा जागी. उभ्या कडक उतारावर एका पायावर उभं राहून तो बसवणं हे काम कोणालाच नीट जमत नाही.

प्रश्न : उतरायला लागताच पुढचं बाइंडिंग सुटलं. दुकानात तपासलं, दोष नाही. उतरताना टो (पुढची पकड) लॉक करून टाकावं का?

नको. लॉक केलेलं टो पडल्यावर सुटत नाही. पाय मोडू शकतो आणि हिमस्खलनात स्की नांगरासारखी माणसाला खाली ओढते. चुकून स्की सुटलेली अजिबात परवडणार नाही अशा अरुंद, उभ्या घळीत काही अनुभवी लोक जाणूनबुजून लॉक करतात. तो निर्णय त्या जागेपुरता असतो, सवय म्हणून नाही.

तुमच्या बाबतीत संशय बर्फावर आहे. टोच्या पंखांखाली, म्हणजे बुटाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या भुजांखाली, बर्फ ठासून बसला की स्प्रिंग पूर्ण मिटत नाही, पण ‘टक्’ आवाज मात्र येतो. म्हणून काठीच्या टोकाने पंखांखालची पोकळी कोरा. बुटाच्या पुढच्या दोन धातूच्या खाचा साफ करा. पुढची पकड लावून टाच मोकळी असतानाच पाय दहा-बारा वेळा वर-खाली हलवा, उरलेला बर्फ पिना दळून काढतात. मग टाच बसवा. बूट बदलले असतील तर बुटाची टाच आणि बाइंडिंगचा मागचा भाग यांतलं अंतरही मोजा. काही मॉडेलांत ते ४ मिलिमीटर, काहींत ५.५, काहींत शून्य असतं. आपल्या मॉडेलची पुस्तिका पाहिल्याशिवाय हात लावू नका.

प्रश्न : सकाळी हिमस्खलनाचा धोका पाचपैकी १ दाखवला होता. अशा दिवशी बीकन (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून पाहायची लांब काठी), फावडं नेलंच पाहिजे का?

हो. वसंतात धोका दिवसभरात १ वरून ३ वर जाऊ शकतो, म्हणूनच आल्प्समधल्या हिमस्खलन-इशाऱ्याच्या पत्रकांत सकाळ आणि दुपार वेगळी दाखवतात. दुपारचा आकडा न वाचता निघणं म्हणजे अर्धंच पत्रक वाचणं. ओल्या बर्फाच्या एका घनमीटरचं वजन सहज ४०० किलो भरतं आणि थांबल्यावर तो लगेच घट्ट होतो. गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, तेवढ्यात बाहेरची मदत पोचत नाही, म्हणजे शोधणारे तुमचे सोबतीच.

बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतो आणि फोन, घड्याळ, हीटरचे हातमोजे त्यात गडबड करतात. प्रसारण चालू असताना ही उपकरणं २० सेंटिमीटर, शोधताना ५० सेंटिमीटर लांब ठेवा. उत्पादकाने परवानगी दिली नसेल तर रिचार्जेबल सेल घालू नका. त्यांचा व्होल्टेज शेवटपर्यंत चांगला दिसतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळे टक्केवारीचा आकडा खोटा ठरतो.

प्रश्न : उन्हाचा चष्मा श्रेणी ३चा चालेल की ४चा (जास्त गडद) हवा?

हिमनदीवर आणि उंचावर ४, पण तो घालून गाडी चालवायची नाही. बाजूने ऊन येणार नाही असा घ्या. सनस्क्रीन नाकपुड्यांखाली आणि हनुवटीखालीही लावा. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं खालून परत फेकतो.

प्रश्न : उशीर झाला, उतार लगदा झालाय आणि परतीची वाट त्याच उतारावरून आहे. आता काय?

आधी खुणा वाचा. बर्फाची चाकं गोळा होत खाली धावतायत, एका बिंदूपासून पंख्यासारखी घसरण सुटलीय, स्कीशिवाय पाय घोट्याच्या वर रुततोय, यातली एकही दिसली तर ३० अंशांपेक्षा उभ्या उताराखाली किंवा त्यावर राहू नका. उतारावर कमानीसारखी उघडी भेग दिसली तर तिच्याखाली जेवायला बसणं सोडाच, थांबूही नका. तो थर जमिनीवरून सरकतो आणि कधी सुटेल याचं दिवसाच्या वेळेशी फारसं नातं नसतं.

मग पर्याय पाहा. उत्तरेकडे वळसा आहे का? धारेवरून उतरता येतं का? नकाशावर ३० अंशांखालची सलग वाट मिळते का, जिच्या डोक्यावर उभा उतार नाही? मिळाली तर एकेकाने, ठरलेल्या सुरक्षित थांब्यापर्यंत. नाही मिळाली तर सुरक्षित धारेवर बसून उतार सावलीत जायची वाट पाहणं हाही खराखुरा पर्याय आहे, कोरडा कपडा आणि हेडलॅम्प सोबत असेल तर. मात्र सावली पडल्यावर पहिल्या तासात वर पातळ पापुद्रा धरतो, स्की त्यात अडकते आणि गुडघे पिळवटतात. त्यावर छोटी वळणं घेण्याचा प्रयत्न करू नका. आडवं घसरत जा, थांबा, किक टर्न मारा, पुन्हा आडवं.