इटालियन वाइनच्या बाटलीवर डीओसीजी, डीओसी, आयजीटी असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय? जास्त अक्षरं म्हणजे जास्त चांगली वाइन का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात फ्लोरेन्सला जाताय, तिथून दोन बाटल्या आणायच्या आहेत आणि फोटोतल्या लेबलांवरून काहीच उमगत नाही. आधी सरळ उत्तर देतो. नाही, जास्त अक्षरं म्हणजे जास्त चांगली वाइन असं नाही. द्राक्षं कुठली, कोणत्या जातीची, हेक्टरी किती पिकवली आणि वाइन किती काळ मुरवली, एवढं ती अक्षरं सांगतात. हे सगळं पाळूनही एखाद्याची वाइन सुमार निघते, आणि अक्षरं कमी असलेली एखादी बाटली अप्रतिम असते. तरीही ती अक्षरं वाचता येणं फार उपयोगाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी मूळचा निफाडकडचा, घरची द्राक्षबाग आहे. वाइन बनवायचं शिक्षण घ्यायला आल्बाला आलो आणि आता तिथल्याच एका छोट्या वाइनरीत काम करतो. आल्बा वायव्य इटलीत, पिएमोन्ते प्रांतात आहे. बारोलो आणि बार्बारेस्को या दोन नामांकित वाइन इथल्याच लांगे टेकड्यांवर होतात.

इटलीत ही उतरंड १९६३ च्या कायद्याने सुरू झाली. त्यातून डीओसी आलं, म्हणजे ठरावीक प्रदेशाचं, नियम बांधून दिलेलं नाव. १९६६ मध्ये पहिला मान तोस्काना (फ्लोरेन्स ज्या प्रांतात आहे तो) इथल्या वेर्नाच्चा दी सान जिमिन्यानो या पांढऱ्या वाइनला मिळाला. १९८० मध्ये त्याच्या वरची पायरी आली, डीओसीजी. शेवटचा 'जी' हमीचा. आयजीटी सगळ्यांत उशिरा, १९९२ च्या कायद्याने आलं. त्यात प्रदेश मोठा आणि नियम सैल असतात. आज डीओसीजी सत्तरच्या वर आहेत आणि डीओसी तीनशेच्या वर. पाठ करायच्या भानगडीत पडू नका, इटालियन माणसालाही ती पाठ नसतात. काही बाटल्यांवर डीओपी किंवा आयजीपी दिसेल, ती युरोपीय संघाची अक्षरं आहेत. डीओसी आणि डीओसीजी दोन्ही डीओपीत मोडतात, आयजीटी म्हणजे आयजीपी.

खरी गंमत या अक्षरांच्या मागे असलेल्या नियमपुस्तिकेत आहे. तिला इथे 'दिशिप्लिनारे' म्हणतात. प्रत्येक नावाची वेगळी पुस्तिका असते आणि ती कुणालाही वाचता येते. बारोलोची घ्या. द्राक्ष फक्त नेब्बिओलो, शंभर टक्के. गावं अकरा; त्यातली बारोलो, कास्तिल्योने फालेत्तो आणि सेर्रालुंगा ही तीन पूर्ण, बाकीच्यांचे ठरावीक भाग. बाग समुद्रसपाटीपासून १७० ते ५४० मीटरच्या दरम्यान हवी. दरीच्या तळाची सपाट, ओलसर जमीन चालत नाही. उत्तरेकडे तोंड असलेला उतारही चालत नाही, तिथे हवी ती लागवड करा, पण त्या वाइनला बारोलो म्हणता येणार नाही. हेक्टरी जास्तीत जास्त ८ टन द्राक्षं, आणि त्यांतून जास्तीत जास्त ६८ टक्के वाइन. म्हणजे हेक्टरी ५,४४० लिटर, साधारण ७,२५० बाटल्या. मग काढणीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून ३८ महिने मुरवण, त्यातले १८ लाकडी पिंपात. 'रिझेर्वा' लिहायचं असेल तर ६२ महिने.

हेक्टरी ८ टन म्हणजे एकरी सव्वातीन टन. आमच्याकडे खाण्याच्या द्राक्षाला एकरी दहा टन हा काही कौतुकाचा आकडा नाही. वडिलांना फोनवर हे सांगितलं तर त्यांनी मला दोनदा विचारलं, एकरी की बिघ्याला? इथे जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही चांगले वाढलेले घड कात्रीने कापून जमिनीवर टाकतो, म्हणजे उरलेल्यांत साखर आणि रंग नीट भरतो. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला ते बघवत नाही. पाण्याचंही तसंच. उत्पन्न वाढवायला ठिबक लावून पाणी द्यायचं नाही. कडक दुष्काळात वेल वाचवण्यापुरतं दिलं तर चालतं.

इतकं कडक का, तर नेब्बिओलो हे द्राक्षच तसं आहे. फूट लवकर येते, त्यामुळे वसंतातल्या थंडीत मार खातं, आणि पिकतं मात्र सगळ्यांच्या शेवटी, बऱ्याचदा ऑक्टोबरात. तोवर लांगेच्या दऱ्यांत सकाळचं धुकं सुरू झालेलं असतं. ऊन मिळालं नाही तर ते पिकतच नाही, म्हणून उत्तरेचा उतार बाद. वाइनचा रंग फिका, विटकरी झाक असलेला, पण तुरटपणा इतका की कोवळी वाइन तोंडात घेतली की हिरड्या आवळतात. ३८ महिन्यांचा नियम त्या तुरटपणासाठी आहे. शेजारच्या बार्बारेस्कोत तेच द्राक्ष, पण २६ महिने पुरतात, त्यातले ९ लाकडात. ती वाइन बहुधा थोडी लवकर नरम पडते. बारोलोतही ला मोर्राच्या बाजूची माती आणि सेर्रालुंगाची माती वेगळी. सेर्रालुंगाची वाइन जास्त ताठ, तिला वर्षं द्यावी लागतात. हा फरक एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन ग्लासांत कळतो, तेव्हा गावागणिक नियम का लिहिले याबद्दल माझ्या मनात शंका उरत नाही.

डीओसीजी बाटलीच्या मानेवर एक अरुंद कागदी पट्टी असते, ती दुकानात नीट बघा. त्यावर इटलीची राजमुद्रा आणि क्रमांक असतो. जिथे देशाची नाणी पाडली जातात त्याच सरकारी टांकसाळीकडून या पट्ट्या छापून येतात. आमच्याकडे बाटल्या भरायच्या आधी वाइनचा नमुना प्रयोगशाळेत जातो, मग चव घेणाऱ्या समितीपुढे. वाइन कुणाची आहे हे त्यांना ठाऊक नसतं. तिथे पास झाली की जेवढे लिटर मंजूर तेवढ्याच हिशेबाने पट्ट्या मिळतात. चिकटवताना फाटलेल्या पट्टीचीही नोंद ठेवावी लागते. मला हे काम मनापासून आवडतं. हेक्टरी किती घड ठेवले इथपासून सुरू झालेला हिशेब त्या पट्टीवर येऊन पूर्ण होतो.

आता तुमच्या सहलीचा भाग, तोस्काना. नियम चुकतात कसे हे शिकायचं तर इथे. कियांती ही इथली नामांकित लाल वाइन. तिची हद्द १७१६ मध्ये मेदिची घराण्याच्या तिसऱ्या कोझिमोने फर्मान काढून आखली. १८७२ मध्ये बेत्तिनो रिकासोली यांनी (हे इटलीचे पंतप्रधानही होते) एका पत्रात कियांतीचं मिश्रण सांगितलं: मुख्य सांजोवेसे हे लाल द्राक्ष, सोबत कानायोलो, आणि लवकर प्यायच्या वाइनमध्ये थोडं माल्वाझिया हे पांढरं द्राक्ष. मुरवायच्या वाइनमध्ये पांढरं टाळावं असा त्यांचा सल्ला होता. १९६७ मध्ये डीओसीचे नियम लिहिले गेले तेव्हा सल्ल्याचा हा अर्धा भाग गळाला. कमीत कमी १० टक्के पांढरी द्राक्षं घालायची सक्ती झाली, ३० टक्क्यांपर्यंत मुभा. उत्पन्न भरघोस देणारं त्रेब्बियानो हे पांढरं द्राक्ष त्यात घुसलं. कियांती पातळ झाली आणि गवताने विणलेल्या टोपलीतल्या बाटलीपुरती ओळखली जाऊ लागली.

ज्यांना चांगली वाइन करायची होती त्यांनी मग नावच सोडून दिलं. आंतिनोरी घराण्याने १९७१ च्या हंगामात तिन्यानेल्लो केली, सांजोवेसेवर भर देऊन. पुढे त्यात काबेर्ने हे फ्रेंच द्राक्ष मिसळलं आणि पांढरी द्राक्षं पूर्ण काढली. समुद्रकाठच्या बोल्गेरीत मारिओ इन्चिझा देल्ला रोक्केत्ता यांनी काबेर्ने लावून सास्सिकाया केली. तिचा बाजारात आलेला पहिला हंगाम १९६८ चा. राद्दा गावात सेर्जिओ मानेत्ती यांनी १९७७ पासून ले पेर्गोले तोर्ते ही निव्वळ सांजोवेसेची वाइन केली, आणि त्या काळी निव्वळ सांजोवेसे कियांतीच्या नियमात बसत नव्हतं! या वाइन कायद्याने साध्या 'टेबल वाइन' ठरत होत्या आणि कियांतीपेक्षा कितीतरी महाग विकल्या जात होत्या. शेवटी नियमच बदलले. १९९६ मध्ये कियांती क्लास्सिकोला (कियांतीच्या मूळ पट्ट्यातल्या वाइनला) निव्वळ सांजोवेसेची परवानगी मिळाली, २००६ च्या हंगामापासून पांढऱ्या द्राक्षांवर बंदीच आली. सास्सिकायाला स्वतःच्या नावाची डीओसी मिळाली. तिन्यानेल्लो मात्र आजही आयजीटी आहे. म्हणून फ्लोरेन्सच्या दुकानात कुलूपबंद कपाटात ठेवलेल्या बाटलीवर आयजीटी दिसलं तर चकित होऊ नका.

माझ्या मते नियमपुस्तिकेचं मोल यातच आहे. ती तिथल्याच बागायतदारांची आणि वाइन करणाऱ्यांची संघटना लिहिते, आणि चूक दिसली की तीच पुढाकार घेऊन बदलते, भले पंचवीस-तीस वर्षं लागोत. नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन आहे. त्याच्या पुढे जाऊन दिंडोरीच्या चढावर कोणतं द्राक्ष, एकरी किती, असं आपल्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून ठरवावं, असं मला फार वाटतं.

नाव जपायचं म्हणजे काय याचं दुसरं टोक प्रोसेक्को ही फसफसणारी वाइन. ते पूर्वी द्राक्षाचंच नाव होतं, म्हणजे जगात कुणीही ते लावून बाटलीवर छापू शकत होतं. २००९ मध्ये द्राक्षाचं नाव ग्लेरा केलं आणि प्रोसेक्को हे प्रदेशाचं नाव ठरलं. त्रिएस्तेजवळ त्या नावाचं गाव आहे, त्याचा आधार घेतला. आपल्या हापूसमागे देवगड-रत्नागिरी येतं, तसं काहीसं. पण हा प्रदेश अवाढव्य आहे, वेनेतो आणि फ्रिऊलीतले नऊ जिल्हे, आणि हेक्टरी १८ टनांची मुभा. चव हवी असेल तर कोनेल्यानो वाल्दोब्बियादेनेच्या टेकड्यांची डीओसीजी घ्या, तिथे मर्यादा साडेतेरा टन. आणि एक ध्यानात ठेवा: 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलेली बाटली 'ब्रूट'पेक्षा गोड असते.

लेबलावर आणखी दोन-तीन शब्द दिसतील. 'क्लास्सिको' म्हणजे त्या वाइनचा मूळ, जुना पट्टा. 'रिझेर्वा' म्हणजे जास्त मुरवलेली. 'सुपेरिओरे' म्हणजे बहुतेक ठिकाणी थोडं जास्त अल्कोहोल. तो शब्द पाहून जास्त पैसे मोजू नका. 'इम्बोत्तिल्यातो आल्लोरिजिने' असेल तर द्राक्षं पिकवणाऱ्यानेच बाटली भरलीय, हे मी नेहमी बघतो.

तोस्कानात एका ठिकाणी हमखास फसगत होते. मोंतेपुल्चानो हे सिएना जिल्ह्यातलं टेकडीवरचं गाव. तिथली विनो नोबिले ही वाइन मुख्यतः सांजोवेसेची असते. मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो ही आब्रुत्सो प्रांतातली वाइन, आणि तिथे मोंतेपुल्चानो हे द्राक्षाचं नाव. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. दुसरी बरीच स्वस्त असते आणि जेवणासोबत छान लागते, फक्त पहिली समजून घेऊ नका.

तुम्हाला दोनच बाटल्या आणायच्या आहेत, तर मी काय घेईन ते सांगतो. पहिली कियांती क्लास्सिको, मानेवर काळ्या कोंबड्याचं चिन्ह असलेली, साधी, रिझेर्वा नको. त्यात किमान ८० टक्के सांजोवेसे असतं. दुसरी रोस्सो दी मोंताल्चिनो, मोंताल्चिनो गावची. तिची थोरली बहीण ब्रुनेल्लो, तीही शंभर टक्के सांजोवेसेची, पण काढणीनंतर पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीशिवाय बाजारात येत नाही आणि आणखी काही वर्षं ठेवली तर खरी खुलते. पुण्याच्या उन्हाळ्यात फ्लॅटमधल्या कपाटात तिचे हाल होतील. रोस्सो त्याच गावची, त्याच द्राक्षाची, आणि आणल्यावर लगेच उघडता येते. त्याच कारणाने बारोलो न्यायला सांगत नाही. नेब्बिओलो चाखायचंच असेल तर 'लांगे नेब्बिओलो' लिहिलेली घ्या, तिला मुरवणीची सक्ती नाही. जेवायला मसालेदार मटण असेल तर तुरट वाइन तिखटाने आणखी कडवट लागते. तिथे आमच्या पिएमोन्तेचीच बार्बेरा बरी, तिच्यात आंबटपणा भरपूर आणि तुरटपणा कमी.

निघण्याआधी अकलूजच्या फ्रातेल्ली वाइनरीची सांजोवेसे मिळाली तर एकदा घेऊन बघा. तिकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी होते आणि माल उन्हाळ्याच्या तोंडावर निघतो. तोस्कानातला वेल हिवाळाभर झोपतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात एकदाच माल देतो. दोन्ही चाखल्यात तर द्राक्षाचं काय आणि जागेचं काय हे तुमचं तुम्हालाच कळेल.

परतताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू भारतात सीमाशुल्काशिवाय आणता येते, त्यामुळे दोन बाटल्या आरामात बसतात. शहरातल्या दुकानातून घेतलेली बाटली बहुतेक विमानतळांवर हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत, ती चेक-इन बॅगेतच टाका, कपड्यांच्या मधोमध. घरी पोचल्यावर आठवडाभर तरी आडवी ठेवून विसावू द्या, आणि उघडण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.