वर जाऊन करायचं काय?

गिर्यारोहणाच्या छंदाविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी सहा या अंकात घेतले आहेत. नुसत्या सहलीच्या जागा विचारणारे प्रश्न बाजूला ठेवले.

मुलगा पंचविशीचा. दर रविवारी पहाटे चारला पाठीवर सॅक टाकून बाहेर पडतो, संध्याकाळी खरचटलेले गुडघे घेऊन परत येतो. आम्ही सप्तशृंगीला ट्रॉलीने जातो, छान दर्शन होतं. वर चढून असं काय मिळतं?
– एक वाचक, नाशिक

वर मिळण्यासारखं खरंच फार काही नसतं. एखादं पाण्याचं टाकं, वाड्याची जोती, काठीला बांधलेला भगवा आणि वारा. दर्शनच घ्यायचं असेल तर ट्रॉली उत्तम. मुलाला जे मिळतं ते वाटेत मिळतं. ते कळायला एक कातळटप्पा जवळून बघावा लागेल.

समजा, वीस फुटांचा तिरका कातळ आहे. नवखा माणूस घाबरून त्याला मिठी मारतो आणि तिथंच फसतो. अंग दगडाला चिकटलं की वजन पावलांवर नीट उतरत नाही, बूट सरकायला लागतात, मग तो आणखी घट्ट मिठी मारतो. शिकलेला माणूस हात सैल सरळ ठेवून जरा मागे झुकतो आणि टाचा खाली सोडतो. वजन चवड्यावर येतं, रबर दगडाला धरतं. कडा उभा असेल तर हिशेब उलटा: कंबर दगडाजवळ आणि बुटाचा आतला काठ खोबणीत. धरायच्या दगडावर आधी थाप मारायची. टणक आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर दुसरा दगड शोधायचा. शंकेचा दगड धरावाच लागला तर खाली दाबायचा, बाहेर ओढायचा नाही. दोन हात, दोन पाय. त्यातले तीन पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही.

हे सगळं एकदम चालू असताना डोक्यात ऑफिस, घराचा हप्ता, लग्नाची बोलणी यांना जागाच उरत नाही. शिवाय पाऊल चुकलं की लगेच कळतं, बरोबर पडलं तरी लगेच कळतं. नोकरीत या दोन्ही गोष्टी कळायला वर्षभराचं अप्रेझल लागतं. आमच्या मते या छंदाची ओढ इथं आहे, माथ्यावर नाही.

दुसरी गोडी डोंगर वाचण्याची. सह्याद्री म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर. टणक थराचा कडा होतो, ठिसूळ थर झिजून गवताळ टप्पा होतो. म्हणून लांबून डोंगराला आडव्या पायऱ्या दिसतात. वाट बहुतेक वेळा अशा टप्प्यावरून आडवी जाते आणि एखाद्या घळीतून वरचा थर गाठते. मुलाला एखाद्या कड्याचा फोटो दाखवून 'वाट कुठून असेल रे?' एवढंच विचारा. जेवण गार होईपर्यंत बोलेल.

गुडघ्यांचं मात्र त्याला सांगा. कातळावर गुडघा टेकवणं ही वाईट खोड आहे. एकदा टेकला की त्यावरून उभं राहता येत नाही.

वय 47, बैठं काम. सिंहगड चढायला दोन तास लागले. उतरताना गुडघ्यांनी जीव काढला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवेना. आम्ही या वाटेला जाऊच नये का?
– एक वाचक, कोथरूड

दोन तास हा वाईट वेळ नाही. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली घालून दिलेला ठोकताळा आजही वापरतात: दर पाच किलोमीटर चालीला एक तास, अधिक दर 600 मीटर चढाला एक तास. सिंहगडाची अतकरवाडीकडची वाट पावणेतीन किलोमीटरच्या आसपास आणि चढ सुमारे 600 मीटर, म्हणजे सरावलेल्या माणसालासुद्धा दीड तास धरायचा.

दुखणं उताराचं आहे. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच आवळून धरायचं काम करतात. या कामाची सवय नसली की दुखणं 24 ते 72 तासांत वाढत जातं. चढ कितीही चढलात तरी याचा सराव होत नाही, उतारच उतरावा लागतो. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एका पायावर उभं राहा, दुसरा पाय तीन अंक मोजत खाली न्या, जमिनीला टेकवून वर घ्या. प्रत्येक पायाला दहा वेळा, असे तीन फेरे, आठवड्यातून तीनदा. दीड-दोन महिन्यांत फरक जाणवेल. उतरताना पावलं छोटी टाका आणि गुडघा किंचित वाकलेलाच ठेवा. काठी घ्या. सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी तिची लांबी ठेवा आणि उताराला पाच-दहा सेंटिमीटर वाढवा. नखं आदल्या दिवशी कापा, नाहीतर बुटाच्या पुढच्या टोकावर आपटून काळी पडतात. गुडघा सुजत असेल किंवा मध्येच अडकत असेल तर व्यायामाआधी डॉक्टरांकडे जा.

आम्ही आठ मित्र लिंगाण्याला (रायगडाजवळचा सुळका) जायचं म्हणतोय. एकाच्या काकांचा रोप (चढाईचा दोर) माळ्यावर आहे, दिसायला चांगला आहे. चालेल का?
– कॉलेजातली दोस्तमंडळी, सातारा

नाही. तो कपडे वाळत घालायला वापरा.

कारणं सांगतो. रोप नायलॉनचा असतो आणि नुसता पडून राहिला तरी जुना होतो. बहुतेक उत्पादक कमाल दहा वर्षं सांगतात, वापरातल्या रोपाला त्याहून बरीच कमी. माळ्यावर इन्व्हर्टरची बॅटरी असेल तर तिच्या आम्लाने आतले धागे गेलेले असू शकतात आणि बाहेरून डागही दिसत नाही. विश्वासाचा रोपही प्रत्येक मोहिमेआधी हातातून वीतवीत सरकवून तपासायचा. जागोजागी त्याचा छोटा फास वळवून बघा. फास गोल राहिला तर आतला गाभा ठीक. एखाद्या जागी कागदासारखी घडी पडली तर रोप तिथं मेलेला आहे.

दुसरा प्रश्न रोपाच्या जातीचा. पुढे चढणाऱ्याला डायनॅमिक रोपच लागतो, कारण तो ताणला जाऊन झटका पचवतो. न ताणला जाणारा स्टॅटिक रोप उतरायला आणि सामान ओढायला. झटका किती बसेल हे पडण्याच्या उंचीपेक्षा एका भागाकारावर ठरतं: जेवढं पडलात, भागिले जेवढा रोप सोडलेला आहे. वीस मीटर रोप बाहेर असताना चार मीटर पडलात तर उत्तर 0.2, म्हणजे जोराचा हिसका. पण बिले देणाऱ्याच्या (खालून रोप सांभाळणाऱ्याच्या) दोनच मीटर वर असताना, मध्ये एकही आधार न लावता पडलात, तर चार मीटर पडणं दोन मीटर रोपावर येतं. उत्तर 2, सगळ्यात वाईट. म्हणून कातळात ठोकलेली पहिली मेख किंवा बोल्ट लवकर गाठायचा. नवी मुलं नेमकी इथंच 'अजून सोपं आहे' म्हणून पुढे जातात.

रॅपलिंगला, म्हणजे रोपावरून खाली उतरताना, फोटो चांगले येतात आणि अपघातही तिथंच पुष्कळ होतात, कारण दमलेला माणूस उतरत असतो. रोपाच्या दोन्ही टोकांना गाठ मारा, म्हणजे टोक संपून कुणी खाली जाणार नाही. खालच्या हाताच्या रोपावर सहा मिलिमीटरच्या दोरीची प्रूसिक गाठ ठेवा, हात सुटला तरी ती धरते. केस आणि ओढणी बांधा. हार्नेसचं (कमरेच्या पट्ट्याचं) बक्कल आणि कॅराबिनरचा (रोप अडकवायच्या कडीचा) स्क्रू स्वतः बघा, मग दुसऱ्याकडून बघून घ्या. रोप हार्नेसला जोडणारी आठची गाठ परत फिरवून बांधल्यावर शेपटी दहा-बारा सेंटिमीटर तरी उरली पाहिजे.

बोराट्याच्या नाळेतून, म्हणजे अरुंद घळीतून, लिंगाण्याच्या पायथ्याशी जाणंही सोपं नाही. नाळ दगडधोंड्यांनी भरलेली असते आणि वरच्याने पाय हलवला की खालच्याच्या डोक्यावर दगड. हेल्मेट नाळेपासूनच घाला. यंदा एखाद्या अनुभवी संस्थेबरोबर जा.

पावसाळ्यात कातळारोहण का नको? आणि मधमाश्यांचं काय?
– एक वाचक, कोल्हापूर

कातळावर शेवाळ, भिजलेल्या मातीतून सुटणारे दगड आणि वर ढगफुटी झाली तर खाली घळीत येणारा लोंढा. जून ते सप्टेंबर पायवाटा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी कडे.

आग्या मोहोळं मात्र कड्याच्या ओव्हरहँगखाली, म्हणजे बाहेर झुकलेल्या कातळाखाली, असतात. आदल्या दिवशी खालून दुर्बिणीने काळे लोंबते पट्टे शोधा, कारण रोपावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही. अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा. जमिनीवर असताना हल्ला झालाच तर तोंड झाकून पळत सुटा. माश्या मारत बसू नका.

सह्याद्रीत दहा वर्षं फिरतोय. हिमालयात जायला एवढं पुरेसं आहे का?
– एक वाचक, नागपूर

पायांना पुरेसं आहे, फुप्फुसांना नाही. आपलं सर्वांत उंच कळसूबाई 1646 मीटर आणि विरळ हवेचा त्रास सुरू होतो साधारण 2500 मीटरच्या पुढे. 5500 मीटरवर श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. तंदुरुस्त माणसाला त्रास होत नाही हा समज खोटा आहे. उलट तो भरभर चढतो आणि आधी आडवा होतो. 3000 मीटरच्या वर झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर वर जाऊ नका. चाल अडखळली, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली न्या.

गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करा. दार्जिलिंगची संस्था 1954 मधली, उत्तरकाशीची 1965 मधली, मनालीतही आहे. कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो: आधी कातळ, मग बर्फ आणि हिमनदी. पुढच्या ॲडव्हान्स कोर्सला बेसिकमध्ये 'अ' श्रेणी लागते. अर्ज बरेच महिने आधी करा. एव्हरेस्टवर पोचलेले पहिले महाराष्ट्रीय सुरेंद्र चव्हाण, 1998 साली. त्यानंतर इथून जाणाऱ्यांची रीघ वाढली आहे आणि जागा पटापट भरतात.

डिसेंबरात मदनगडाच्या कातळटप्प्याखाली दुपारी तीनला पोचलो. आम्ही बारा जण होतो. लीडरने तिथूनच परत फिरवलं. अजून रुखरुख आहे. घाबरट होता का तो?
– एक वाचक, कल्याण

हिशेब करून बघा. एक रोप, माणशी दहा मिनिटं, म्हणजे बारा जण वर जायला दोन तास. पाच वाजले. उतरायलाही तेवढाच वेळ, सात वाजले. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे शेवटचे पाच-सहा जण अंधारात, दमलेले, टॉर्चच्या उजेडात रोपावर. लीडरने हा हिशेब कातळाखाली उभं राहून केला आणि बाराजणांची तोंडं वाकडी होणार हे माहीत असून निर्णय दिला. तसं करायला छाती लागते.

चूक झाली ती सकाळी. परत फिरायची वेळ घड्याळात पक्की करून ती निघतानाच सगळ्यांना सांगायची असते, म्हणजे वर वाद होत नाही. पुढच्या खेपेला सहाच जण जा, दोन रोप न्या, आदल्या रात्री पायथ्याच्या गावात मुक्काम करा आणि पाचला निघा. हेडलॅम्पचे सेल नवे घाला, तरीही.